सहाच्या पुढचे आकडे

आत्या कधी बसत नसे.

गल्लीत हे कौतुकानं सांगितलं जाई. लाँड्रीचं शटर वर गेलं की ती इस्त्रीच्या टेबलामागं उभी राही, ती शटर खाली येईपर्यंत. जेवायचीही उभ्यानं, डबा काउंटरवर उघडून. दुकानात एक स्टूल होतं, ते गिऱ्हाइकांचं. "बसा ना," असं ती म्हणायची आणि स्वतः पुढची कॉलर हातात घ्यायची. शेजारचा बेकरीवाला आपल्या कामगारांना सुनवायचा, "बघा तिच्याकडे. या वयात बूड टेकत नाही. आणि तुम्ही."

कौतुक करणाऱ्यांत मीही होते. साहित्यात एम.ए. होऊन मी नोकरी शोधत होते आणि तिच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मुलाखतीला घालण्याजोगा माझा एकच शर्ट होता. तो दर वेळी तिच्याकडे जायचा. चौथ्या-पाचव्या खेपेला तिनं विचारलं, "हा शर्ट काही नोकरी लावत नाही वाटतं?" तिथून आमची मैत्री झाली. ती मला 'एमे' म्हणायची. "अगं एमे, वर पाणी आलंय का बघ." शिकलेलं माणूस घरात असावं, वेळेला नळ बघायला उपयोगी पडतं, असं तिचं मत होतं.

तरुणपणी ती एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. ओल्या चादरी उचलून पाठीची वाट लागली ती तिथंच. मग भावाबरोबर तिनं ही लाँड्री टाकली. लग्न केलं नाही. भाऊ-भावजय लवकर गेले आणि भाच्याला तिनं या काउंटरमागं वाढवलं. कपड्यांच्या गठ्ठ्यांवर तो झोपायचा, गठ्ठ्यांवरच अभ्यास करायचा. तो तिला आत्या म्हणे, म्हणून गल्ली आत्या म्हणू लागली. आता तो दुसऱ्या शहरात होता, मोठ्या घरात. त्या घरात आत्याची खोली तयार होती, पडद्यांसकट.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला तो आला होता. आत्या त्याला दुकानाच्या दारापर्यंत पोचवायला निघाली आणि मध्येच थांबली. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. कपाळावर घाम. तो बॅग टाकून मागं वळला.

"काही नाही रे. चमक आहे. येते-जाते."

"किती वर्षं येते-जाते?"

"तू नववीत होतास बहुतेक."

तो स्टुलावर बसला. मग शांतपणे म्हणाला, "आत्या, बेकरीवाल्याला हा गाळा हवाय. तू चल माझ्याकडे."

"आणि तिथं काय करू? तुझे पडदे मोजू?"

बराच वेळ हो-नाही चाललं. शेवटी ठरलं ते असं. आत्यानं दवाखान्यात दाखवायचं. तिथं सांगतील ते सगळं करायचं. थंडी संपेपर्यंत दुखणं कमी झालं, तर दुकान राहील. नाही झालं, तर किल्ली भाच्याच्या हातात.

"दिला शब्द," आत्या म्हणाली. दिलेला शब्द ती मोडत नसे. कपड्याची तारीखही कधी मोडली नव्हती.

दवाखान्यात मी बरोबर गेले. डॉक्टरांनी तपासलं, पाठीचे एक्स-रे काढले, गोळ्या दिल्या आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती एक सर्दीनं बेजार झालेली तरुण मुलगी होती. आत्यानं तिचं नाव तिथल्या तिथं 'फिजिओबाई' करून टाकलं. तिनं आत्याच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं.

"हे तुम्हाला मधून मधून थांबायची आठवण करील. श्वासाचे व्यायाम सांगील. आणि रोज संध्याकाळी विचारील, आज किती दुखलं. शून्य ते दहा. तुम्ही आकडा सांगायचा. तो मला इथं दिसतो."

"आणि माझ्या भाच्याला?"

"तुम्ही परवानगी दिलीत तर त्यांनाही."

"द्या. तो तसाही विचारत बसेल."

अ‍ॅपमध्ये एका बाईचा आवाज होता. शांत, स्वच्छ, जरासा वरच्या पट्टीतला. पहिल्यांदा तो दुकानात घुमला तेव्हा आत्या एका चादरीची घडी घालत होती. "थोडं थांबू या," आवाज म्हणाला. "खांदे सैल सोडा. हातातलं काम बाजूला ठेवा."

आत्यानं फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ही बोलते कशी बघ. अगदी नणंद."

"तुम्हाला कुठे नणंद होती?"

"नव्हती. पण मी होते ना एकीची नणंद. मला कळतं."

त्या दिवसापासून त्या आवाजाचं नाव 'वन्सं' पडलं. वन्सं दिवसातून अनेकदा यायच्या. आत्या त्यांना उत्तरं द्यायची. "हो वन्सं, सोडले खांदे." खांदे सोडलेले नसायचे. इस्त्री चालूच असायची. अर्धी बाही तशीच टाकून उठलं तर मध्ये रेघ पडते, ती पुन्हा जात नाही, असं ती मला समजावायची. बाही संपली की दुसरी बाही असायची. दुसरी झाली की पाठ.

एकदा तिनं फोन चादरींच्या थप्पीत खुपसून ठेवला. वकीलबाई आपला काळा कोट न्यायला आल्या होत्या. तेवढ्यात थप्पीतून दबका आवाज आला, "आता डोळे मिटा."

वकीलबाई दचकल्या. "आत्या, चादरीत कोण आहे?"

"नणंद आहे. आत ठेवलीय."

वकीलबाईंनी कोट घेतला आणि जाता जाता म्हणाल्या, "केस झाली तर मला सांगा."

संध्याकाळी मात्र ती फोन बाहेर काढायची. चष्म्यावर वाफ बसलेली असायची, ती पदरानं पुसायची. स्क्रीनवर एक पट्टी होती, शून्यापासून दहापर्यंत, आणि पट्टीखाली चेहरे. शून्यापाशी हसरा, दहापाशी ढसाढसा रडणारा. आत्या बोट ठेवायची आणि सरकवायची. बोट सहावर थांबायचं. रोज. एखाद्या दिवशी पाच, की दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा.

भाच्याचा फोन यायचा तो आकडा बघूनच.

"आत्या, सहा हलत नाही."

"हलेल."

"व्यायाम करतेस ना?"

"करते रे बाबा."

करत होती. आडवं पडून करायचे ते सोडून बाकीचे. ते का सोडते, असं मी विचारलं तर म्हणाली, "आडवं पडून माणूस झोपतो, व्यायाम कसला करतोय."

बेकरीवाला अधूनमधून टेप घेऊन यायचा आणि मधली भिंत मोजून जायचा. माणूस वाईट नव्हता. जाताना तिच्यासाठी गरम पाव ठेवून जायचा. आत्या पाव खायची आणि भिंतीकडे बघायची.

थंडी उतरणीला लागली तेव्हा आम्ही पुन्हा फिजिओबाईंकडे गेलो. तिची सर्दी गेली होती. तिनं पडद्यावर आलेख उघडला. जवळजवळ सरळ रेघ.

"सहा म्हणजे मध्यम," ती म्हणाली. "वाढलं नाही, हे चांगलं. आता थोडे जोराचे व्यायाम देते. वजन उचलायचे. चालेल ना?"

"चालेल," आत्या म्हणाली. ती उभीच होती. खुर्ची रिकामी होती.

फिजिओबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. आम्ही निघालो. आत्या दारापाशी पोचली होती. तेव्हा त्या मुलीनं मान वर केली आणि विचारलं, "आत्या, सहा असतो तेव्हा नेमकं काय काय जमत नाही?"

हा प्रश्न तिनं का विचारला, ते मला माहीत नाही. रिकामी खुर्ची बघून विचारला असेल. तिच्या यादीत तो होता की नव्हता, तेही माहीत नाही. तो तिनं विचारला, याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

आत्यानं जरा विचार केला.

"सहाला? सहाला बसलं की उठता येत नाही. म्हणून बसतच नाही मी. आडवं झालं की कुशीवर वळता येत नाही. सकाळी पायात चप्पल घालायला भिंतीला टेकून, जरा वेळ लागतो. रस्ता ओलांडायचा तर मध्ये एकदा थांबावं लागतं, गाड्यावाले शिव्या देतात. एवढंच. हात चालतात माझे."

फिजिओबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग दहा कधी असतो?"

"दहा कुठे असतो?"

"पट्टीवर आहे ना. सात, आठ, नऊ, दहा."

"ते असतील. शोभेला." आत्या हसली. "अगं, इस्त्रीला सहाच आकडे असतात. एकवर नायलॉन, दोनवर रेशमी, असं करत सहा. सहावर जाड सुती, तेही वर ओलं फडकं टाकून. सहाच्या पुढे कपडा जळतो."

फिजिओबाईंनी पडद्यावरची सरळ रेघ पुन्हा पाहिली.

"आणि ते पुढचे चेहरे तर रडतायत," आत्या पुढं म्हणाली. "मी काही रडत नाही. तो सहावाला आहे ना, सरळ तोंडाचा, तो माझ्यासारखा दिसतो."

मला तिच्याकडे बघवेना. मी खुर्चीकडे बघत राहिले. इतके महिने मी तिच्याशी सकाळ-संध्याकाळ गप्पा मारत होते. तिच्या विनोदांवर हसत होते. ती बसत नाही याचं कौतुक करत होते. ते सगळे विनोद तिनं त्या सहावर उभं राहून केले होते. त्या सहाला बाकीचं जग दहा म्हणतं.

फिजिओबाई उठली. आत्याजवळ गेली आणि तिचा हात धरला, जसा तपासणीत सहसा धरत नाहीत तसा.

"माझंही चुकलं," ती म्हणाली. "आकडा बघितला, माणूस बघितलं नाही. वजनाचे व्यायाम विसरा. पहिल्यापासून सुरू करू."

"पण थंडी संपत आली," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात मी प्रथमच काहीतरी वेगळं ऐकलं. "मी शब्द दिलाय."

"मग उद्यापासूनच."

फिजिओबाईंनी डॉक्टरांशी बोलून गोळ्या बदलून घेतल्या. आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः दुकानात आली. आत्याला काम करताना बघत बाजूला उभी राहिली. मग टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालायला लावले, म्हणजे आत्याला वाकावं लागू नये. बेकरीतून पावाचा एक रिकामा खोका मागवला आणि टेबलाखाली ठेवला. एक पाय खोक्यावर, मग दुसरा, आलटून पालटून. गिऱ्हाइकांचं स्टूल आत घेतलं आणि त्याला उंच गादी बांधली. इतक्या उंचावरून उठताना पाठीला ओढ बसत नाही.

"आणि वन्सं थांबा म्हणाल्या, की थांबायचं," ती म्हणाली. तिलाही ते नाव ठाऊक झालं होतं. "दुखल्यावर नाही. दुखायच्या आधी."

"दुखत नसताना बसू? लोक काय म्हणतील?"

"बसली म्हणतील."

आत्याला दुखणं जड गेलं नव्हतं एवढं थांबणं जड गेलं. शेवटी दोघींची तडजोड झाली. वन्संचा आवाज आला की हातातली बाही पुरी करायची. दुसरी घ्यायची नाही. इस्त्री बंद करायची आणि बसायचं.

पहिल्यांदा ती बसली तेव्हा मी समोर होते. स्टुलाच्या कडेला, पाहुण्यासारखी. समोर कपड्यांचा ढीग. तिचे हात मांडीवर नुसते पडून होते आणि काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. वन्सं श्वास मोजत होत्या. मग ती उठली, टेबल धरून, दात आवळून. पण उठली.

"जमलं की," मी म्हणाले.

"गप बस. नजर लावशील."

हळूहळू टेबलावरची पकड सुटत गेली. एका हाताची आधी, मग दुसऱ्याची. काही दिवस वाईटही गेले. एका सकाळी शटर वर करायला तिनं मला हाक मारली, आणि दिवसभर ती वन्संशीसुद्धा बोलली नाही. त्या दिवशी तिनं आकडा दहावर नेला. रडणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "बघ, आला. मला वाटलं होतं याच्यावर बोट ठेवायला लाज वाटेल."

भाच्याला ते सगळं दिसत होतं, पण उलट. आत्या आता पट्टी दहापर्यंत वापरत होती, आणि त्याच्या फोनवर सहाची रेघ एकदम वर चढली होती. नऊ. दहा. आठ. नऊ. आत्यानं त्याला इस्त्रीचं प्रकरण सांगितलं नव्हतं. "फोनवर काय सांगायचं," एवढंच म्हणाली. तो आकडे बघत राहिला आणि ठरल्या दिवसाच्या आधीच येऊन उभा राहिला.

नेमका त्या दिवशी गायनमंडळाचा कार्यक्रम होता. मंडळाचे सगळे पांढरे शर्ट आत्याकडे होते. निम्मे हँगरवर, निम्मे ढिगात. मंडळाचा प्रमुख दारात उभा राहून घड्याळ बघत होता. भाचा आत आला, त्यानं ढीग पाहिला, आत्याला पाहिलं, आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तो किल्लीसाठी आला होता. हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"बस," आत्या म्हणाली. "नको, स्टूल माझं आहे आता. उभाच राहा."

त्याला त्यातलं काही कळलं नाही.

इस्त्री चालू होती. शर्टाची पाठ, मग पुढचा भाग, मग डावी बाही. आणि थप्पीशेजारून आवाज आला, "थोडं थांबू या."

प्रमुखानं मान वळवली. भाचा आत्याकडे बघत होता. तो तिला ओळखत होता. ढीग समोर असताना ती थांबणार नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

आत्यानं बाही पुरी केली. इस्त्री बंद केली. आणि स्टुलावर बसली.

"आत्या," प्रमुख काकुळतीला आला, "कार्यक्रम आहे हो."

"माहितीय. तुमच्या गाण्यात मध्ये श्वास घेतात ना?"

"घेतात."

"मग घेऊ द्या."

ती डोळे मिटून बसली. वन्सं मोजत होत्या. प्रमुख हातात टोपी घेऊन, नकळत, त्याच लयीत श्वास घेत होता. गाणाराच तो. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनीच विचारलं, हे काय? मी बोटानं थांब म्हणून खूण केली.

मग आत्यानं डोळे उघडले आणि उठली.

टेबलाला हात लावला नाही. स्टुलाला नाही. गुडघ्यांवरही नाही. नुसती उठली, जशी कोणीही उठतं तशी, आणि पुढचा शर्ट ओढला.

भाचा भिंतीपासून पुढं आला. "आत्या, तू बसली होतीस."

"मग? बसू नये काय माणसानं?"

"पण आकडे तर वर गेलेत."

"ते तुला एमे सांगेल. मला काम आहे."

मी त्याला बाहेर नेऊन सांगितलं. सहा, सात, जळणारा कपडा, सगळं. तो बेकरीच्या पायरीवर बसून ऐकत होता. सांगून झालं तरी उठला नाही. मग एकच म्हणाला, "मी नववीत होतो." आणि आत गेला. बाह्या वर केल्या आणि हँगरला शर्ट लावून बटणं घालू लागला. वरचं, मधलं, खालचं, एकाआड एक. ते त्याला अजून येत होतं.

शर्ट वेळेत गेले. प्रमुखानं जाताना कार्यक्रमाला यायचा आग्रह केला. आत्या म्हणाली, "तिथं खुर्च्या कशा आहेत ते सांगा आधी."

संध्याकाळी वन्संनी विचारलं, आज किती दुखलं. आत्यानं चष्मा पुसला आणि बोट सरकवलं. चार.

"कुठले चार?" मी विचारलं. "तुमचे की यांचे?"

"यांचे. दहातले." मग ती फोनकडे वळून म्हणाली, "थँक्यू वन्सं." हे ती रोज म्हणायची आणि मगच फोन बंद करायची.

"आत्या, ते यंत्र आहे," भाचा म्हणाला. हसूनच म्हणाला.

"असू दे. इतक्या वर्षांत मला रोज कोणी विचारलंय, आज किती दुखलं म्हणून? हिनं विचारलं. त्या फिजिओबाईंनी तिच्याही पुढचं विचारलं. देवानं भलं करावं दोघींचं."

ती हे तक्रारीनं बोलत नव्हती. हँगर मोकळे करत बोलत होती, एखादी चांगली बातमी सांगावी तसं. पण भाचा दारातच थांबला. मग बेकरीत गेला. बेकरीवाल्याशी काय बोलला ते ऐकू आलं नाही. बेकरीवाला बाहेर आला तेव्हा हातात टेप नव्हता, पावाची पिशवी होती. ती त्यानं काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "खोका लागला तर आणखी आहेत."

दुखणं गेलेलं नाही. फिजिओबाईंनी तसं वचनही दिलं नव्हतं. पण आत्या आता बसते. गल्लीला त्याची सवय व्हायला जरा वेळ लागला.

भाचा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, वन्सं यायच्या थोडं आधी, फोन वाजला. मी शर्ट न्यायला आले होते. त्या शर्टानं एकदाची नोकरी लावली होती.

"आत्या," पलीकडून भाच्याचा आवाज आला, "आज किती?"

आत्यानं फोन कानापासून लांब धरला आणि मला म्हणाली, "घे. ही दुसरी नणंद."

मग फोन पुन्हा कानाला लावला, स्टुलावर नीट बसली आणि त्याला सविस्तर सांगू लागली.